सिंहगड उतरताना ब्रेकमध्ये काय घडते: गाडीचा ब्रेक समजून घेणे, तपासणे आणि घरी करता येण्याजोगी कामे

रविवारी दुपारी सिंहगडाचा घाट उतरून गाड्या गोळेवाडीच्या नाक्यापाशी येतात तेव्हा काहींच्या पुढच्या चाकांतून करपट वास येत असतो. चढावर असा वास आला तर संशय क्लचवर घ्यावा. उतारावर क्लचला फारसे कामच नसते, त्यामुळे तो वास बहुधा ब्रेक पॅडचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला (बिडाच्या तबकडीला) घासून वेग कमी करणाऱ्या ठोकळ्यांचा असतो. काही जण घाबरून चाकावर पाण्याची बाटली रिकामी करतात. तसे करू नका. तापलेल्या बिडाच्या डिस्कवर एका जागी गार पाणी पडले की तिथे ताण बसतो, आणि डिस्कला बारीक भेगा जाऊ शकतात.

थोडा हिशेब मांडू. माणसांसह १२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवली की सुमारे तीन लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते. त्यातला जवळजवळ ७० टक्के भाग पुढची चाके घेतात, कारण ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे झुकते. पुढच्या दोन डिस्क मिळून १० किलोच्या धरल्या तर अशा एका थांब्यात त्या साधारण ४५ अंश सेल्सिअसने तापतात. आता हीच गाडी घाटातून ६०० मीटर उंची उतरली असे धरा. जिरवायची ऊर्जा सुमारे सत्तर लाख ज्यूल होते, म्हणजे ताशी ८० वरून २४ वेळा पूर्ण थांबण्याइतकी. इंजिनाने आणि वाऱ्याने यातला वाटा उचलला नाही, तर सगळी उष्णता त्या दोन डिस्क आणि मागच्या दोन ड्रमवर येते.

ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारे यंत्र. पाय आणि पॅड यांच्यामध्ये जे काही बसवले आहे ते तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत नेण्यासाठी आहे. बिघाड बहुतेक दोनच प्रकारचे असतात: उष्णता बाहेर पडत नाही, किंवा जोर पोचत नाही.

पायापासून चाकापर्यंत

पेडल ही साधी तरफ आहे. पायाने २० किलोचा जोर दिला आणि तरफेचे प्रमाण चारास एक असले, तर पुढच्या दांड्यावर ८० किलो पडतात. हा दांडा व्हॅक्यूम बूस्टरमध्ये जातो. बॉनेटखाली इंजिनाच्या मागे, बहुधा ड्रायव्हरच्या बाजूच्या कोपऱ्यात पत्र्याच्या मोठ्या डब्यासारखा दिसतो तो बूस्टर. त्याच्या आत रबरी पडदा असतो. एका बाजूला इंजिनाने ओढलेली निर्वात पोकळी आणि दुसऱ्या बाजूला पेडल दाबताच आत येणारी बाहेरची हवा. हवेच्या या दाबाने जोर चौपट झाला असे धरले तर ८० चे ३२० किलो होतात. डिझेल गाड्यांत आणि बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांत ही पोकळी वेगळा पंप करतो. इंजिन बंद झाले की बूस्टरमध्ये साठलेली पोकळी दोन-तीनदा पेडल दाबण्यापुरती उरते, त्यानंतर पेडल दगडासारखे लागते. ब्रेक गेलेला नसतो, फक्त सगळा जोर एकट्या पायाला द्यावा लागतो. उतारावर इंजिन बंद करायचे नाही याचे हे पहिले कारण.

बूस्टरच्या पुढे मास्टर सिलिंडर असतो आणि त्याच्या डोक्यावर ब्रेक ऑइलची पांढुरकी टाकी. याला सगळे ऑइल म्हणतात, पण खनिज तेलाशी त्याचा संबंध नाही. ते ग्लायकॉल जातीचे द्रव आहे आणि हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो. मास्टर सिलिंडरचा व्यास साधारण २० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ तीन-सव्वातीन चौरस सेंटिमीटर. त्यावर ३२० किलो पडले की द्रवात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० किलोचा दाब तयार होतो. पास्कलच्या नियमाप्रमाणे तोच दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. पुढच्या कॅलिपरचा (पॅड धरून डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या भागाचा) पिस्टन ५१ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे २० चौरस सेंटिमीटरचा असला तर तो पॅडवर दोन टनांच्या जोराने बसतो. पायाचे २० किलो आणि पॅडवर दोन टन! त्याच्या मोबदल्यात अंतर गमवावे लागते. पेडल काही सेंटिमीटर खाली जाते, पिस्टन मात्र मिलिमीटरच्या अंशाने सरकतो. म्हणूनच नळीत हवेचा छोटा बुडबुडा शिरला तरी पेडल लगेच खाली जाते. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते, आणि तुमच्या पायाचे अंतर त्या बुडबुड्यातच संपते.

मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक असे दोन पिस्टन असतात आणि त्यांचे द्रवाचे मार्ग वेगळे असतात. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत हे मार्ग तिरके असतात. पुढचे डावे चाक आणि मागचे उजवे चाक एका मार्गावर, उरलेली दोन दुसऱ्यावर. एक नळी फुटली तर पेडल खोल जाते, लाल दिवा लागतो, पण अर्धा ब्रेक शिल्लक राहतो.

आता कॅलिपर. छोट्या गाड्यांत पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपरचा सगळा सांगाडा आत सरकून बाहेरचा पॅडही दुसऱ्या बाजूने दाबतो. हे सरकणे दोन स्लाइड पिनांवर होते. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या या पिना कोरड्या पडल्या किंवा गंजल्या, तर चांगल्या गाडीचा ब्रेक निम्म्या ताकदीवर येतो. पाय सोडल्यावर पिस्टन मागे आणायला स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीची चौकोनी छेदाची रबरी रिंग दाबताना पिळली जाते आणि सुटताना मूळ आकारात येत पिस्टनला किंचित मागे ओढते. पॅड झिजला की पिस्टन थोडा पुढेच मुक्काम करतो आणि त्याच्यामागची जागा द्रव भरून काढतो. त्यामुळे टाकीतली पातळी हळूहळू उतरते. ती उतरलेली दिसली की लगेच वरून ऑइल ओतण्याची सवय मोडा. आधी पॅड बघा. जुन्या पॅडवर टाकी काठोकाठ भरून ठेवली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल उतू जाते आणि खालचा रंग उडवते.

एबीएस या सगळ्यावर नजर ठेवणारा पहारेकरी आहे. चाकाजवळचा सेन्सर चाक जाम होतेय असे सांगतो आणि एबीएसचे वॉल्व्ह त्या चाकाचा दाब सेकंदात अनेकदा सोडतात व परत देतात. पायाखाली पेडल थडथडते ते यामुळे. तेव्हा पाय उचलायचा नाही, दाबून धरायचा आणि स्टिअरिंग वळवायचे. एबीएसचा पिवळा दिवा लागला तर साधा ब्रेक चालतो, चाक जाम होण्यापासूनचे संरक्षण तेवढे नसते. लाल दिवा लागला आणि हॅन्डब्रेक पूर्ण खाली असला, तर गाडी बाजूला घ्या आणि टाकीतली पातळी बघा. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक आहे. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत ते नाही, त्यांच्या मालकांनी ओल्या रस्त्यावर चाक जाम झाले की पाय किंचित ढिला करून परत दाबण्याची सवय ठेवावी.

पेडल काय सांगते

गॅरेजमध्ये गेल्यावर नुसते ‘ब्रेक नीट लागत नाही’ असे सांगू नका. ब्रेक दाबताना पायाला नेमके काय जाणवते ते सांगा. निम्मे निदान तिथेच होते.

पेडल स्पंजसारखे मऊ आहे आणि दोन-तीनदा पंप मारल्यावर वर येते, तर नळीत हवा आहे किंवा मागच्या ड्रममध्ये शूचे (ड्रमला आतून घासणाऱ्या कमानींचे) अंतर वाढले आहे. सकाळी ठीक आणि घाट उतरताना मऊ, असे असेल तर द्रवात पाणी मुरले आहे आणि उष्णतेने त्याची वाफ होते आहे. सिग्नलला पाय दाबून उभे असताना पेडल हळूहळू जमिनीकडे जात असेल, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर गळते आहे. इंजिन चालू ठेवून पेडल एक मिनिट सारख्या जोराने दाबून धरा. खाली सरकत असेल आणि चारही चाकांजवळ व नळ्यांवर ओल दिसत नसेल, तर दोष मास्टर सिलिंडरचाच. यात थांबून बघू असे काही नसते.

पेडल कडक लागत असेल तर बूस्टर तपासा. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल दाबा म्हणजे आतली पोकळी संपेल. मग पेडल दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडे खाली गेले तर बूस्टर काम करतो. जागचे हलले नाही, तर आधी इंजिनाकडून येणारी जाड रबरी नळी आणि तिच्यातला एकमार्गी वॉल्व्ह बघा. नळीला पडलेली चीर बदलणे स्वस्त असते, नवा बूस्टर नाही.

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरले तर ‘डिस्क वाकली’ असे सांगितले जाते. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरकही हाताला जाणवतो. कारणे ठराविक आहेत. एअर गनने चाकाचे नट मनमानी आवळलेले असतात, किंवा हब आणि डिस्क यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा राहिलेला असतो. कधी घाट उतरून तापलेल्या डिस्कवर पाय घट्ट दाबून गाडी उभी केलेली असते आणि पॅडचा थर एका जागी चिकटलेला असतो. लेथवर डिस्क घासून घेणे हा उपाय चालतो, पण घासल्यानंतरची जाडी किमान मर्यादेच्या वर राहणार असेल तरच.

गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढत असेल तर प्रथम टायरमधली हवा बघा. पुण्यातले बरेच रस्ते पाणी वाहून जावे म्हणून डाव्या कडेला उतरते असतात. त्यावर कोणतीही गाडी किंचित डावीकडे सरकते, म्हणून चाचणी सपाट जागी करा. डावीकडे ओढते याचा अर्थ डावा ब्रेक जास्त पकडतो असा असेल किंवा उजवा पकडतच नाही असाही असेल. एक साधी चाचणी फार उपयोगी पडते. दहा-पंधरा किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक वापरून या, थांबा आणि चारही रिमजवळ तळहात न्या. स्पर्श करू नका, नुसती धग बघा. एक चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. आता गाडी जॅकवर घेऊन ते चाक हाताने फिरवा. जड फिरत असेल तर कॅलिपरचे ब्लीडिंग निपल (द्रव आणि हवा बाहेर काढण्याचा पोकळ स्क्रू) क्षणभर ढिले करा. दाब सुटून चाक मोकळे झाले, तर कॅलिपरकडे येणारी रबरी नळी आतून सुजली आहे किंवा अडथळा त्याच्याही मागे आहे. तरीही जाम राहिले तर दोष पिस्टनचा किंवा स्लाइड पिनांचा. (निपल उघडल्यावर थोडी हवा शिरलीच असे धरून ते चाक ब्लीड करून घ्या, म्हणजे त्यातली हवा काढून घ्या.)

आवाजांत किर्र असा बारीक आवाज अनेकदा पॅडवरच्या इशाऱ्याच्या पत्तीचा असतो. पॅड संपत आला की ती डिस्कला घासावी अशीच बसवलेली असते. घर्रघर्र असा आवाज आला तर पॅड संपून लोखंड लोखंडावर घासते आहे. तेव्हा पॅडसोबत डिस्कचाही खर्च डोक्यात ठेवा.

पुढचे पॅड बदलणे

हे काम सपाट फरशीवर, सुट्टीच्या सकाळी दोन तासांत होते. पॅड नेहमी पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. सुट्या भागांसाठी नाना पेठेत गेलात तर गाडीचे मॉडेल, वर्ष आणि जमल्यास जुना पॅड बरोबर न्या, कारण एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षात कॅलिपर बदललेला असतो. बाकी लागते ते असे: जॅक, जॅक स्टँड, व्हील पाना, १२ ते १७ मिलिमीटरचे पाने, मोठा सी-क्लॅम्प, वायर ब्रश, ब्रेक क्लीनर आणि ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस. साधे चेसिस ग्रीस स्लाइड पिनांना चालत नाही, त्याने रबर फुगते आणि पिना आणखी अडकतात.

हॅन्डब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. नट जमिनीवरच पाव फेरा ढिले करा आणि मगच गाडी उचला. स्टँड लावल्याशिवाय आत हात घालायचा नाही. काढलेले चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवे सरकवून ठेवा, स्टँड घसरलाच तर गाडी त्यावर टेकेल. स्टिअरिंग ज्या बाजूला वळवल्याने कॅलिपर बाहेर येतो त्या बाजूला पूर्ण वळवा. मागच्या बाजूला दोन बोल्ट दिसतील, ते स्लाइड पिनांचे. खालचा काढला की बऱ्याच गाड्यांत कॅलिपर वरच्या पिनेवर दरवाजासारखा उघडतो. पूर्ण काढावा लागला तर तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा. रबरी नळीवर लोंबकळत ठेवलेला कॅलिपर नळी आतून फाडतो, आणि ते बाहेरून दिसत नाही.

पॅड काढल्यावर टाकून देण्याआधी चारही ओळीने मांडून बघा. नव्या पॅडचा घासणारा थर दहा मिलिमीटरच्या आसपास असतो, तीन मिलिमीटर उरला की बदलायचा. आतला पॅड खूप झिजलेला आणि बाहेरचा जाड, तर स्लाइड पिना अडकल्या होत्या आणि बाहेरचा पॅड डिस्कपर्यंत पोचतच नव्हता. पॅड पाचरीसारखा तिरका झिजला, तर एक पिन अडकली आहे किंवा पॅडचे कान ब्रॅकेटच्या खाचेत गंजाने धरले आहेत. एका चाकाचे दोन्ही पॅड संपलेले आणि दुसऱ्याचे निम्मे शिल्लक असतील, तर संपलेल्या बाजूचा पिस्टन किंवा नळी बघायची, नाहीतर दुसऱ्या बाजूला ब्रेक लागतच नसावा. ही पाहणी न करता नुसते नवे पॅड बसवले की सहा महिन्यांनी तीच तक्रार परत येते.

डिस्कची किमान जाडी तिच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर कोरलेली असते. ती मोजताना व्हर्नियरची पाती बाहेरच्या न झिजलेल्या काठावर टेकतात आणि जाडी खोटी जास्त येते. दोन्ही बाजूंना एकेक नाणे धरून मोजा, मग दोन्ही नाण्यांची जाडी वजा करा.

आता पिना ओढून काढा, फडक्याने जुने ग्रीस पुसा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावून परत घाला. बोटाने ढकलल्यावर पिन आत गेली पाहिजे आणि सोडल्यावर अडली नाही पाहिजे. भोके जास्त भरली तर आत हवा कोंडून पिन बाहेर ढकलली जाते. ब्रॅकेटच्या खाचा वायर ब्रशने चकचकीत करा. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नका, मास्क लावून क्लीनरने ओली करून पुसा.

पिस्टन मागे नेण्याआधी टाकीचे झाकण सैल करा आणि आजूबाजूला ओले फडके टाका. जुना पॅड पिस्टनवर धरून सी-क्लॅम्प हळूहळू आवळा. पिस्टन एकसारख्या जोराने आत गेला पाहिजे. खूप जोर लागत असेल किंवा त्याच्या रबरी टोपीखालून ओल येत असेल, तर कॅलिपर उघडून किट बदलावे लागेल आणि ते गॅरेजचे काम आहे. मागच्या चाकांना डिस्क असलेल्या गाड्यांत बरेच पिस्टन फिरवत आत न्यावे लागतात, आणि बटणावरचा पार्किंग ब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड लावावा लागतो. तिथे सी-क्लॅम्प लावला तर आतली यंत्रणा तुटते.

नवे पॅड बसवताना इशाऱ्याची पत्ती कोणत्या बाजूला होती ते जुन्यावरून जुळवा. पिनांचे बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर आवळा. छोट्या गाड्यांत तो आकडा कमी असतो, अंगाचा जोर काढून आवळले तर आटे जातात. चाकाचे नट समोरासमोरचे या क्रमाने, टॉर्क रेंचने. मॉडेलप्रमाणे हा आकडा साधारण ८५ ते १२५ न्यूटन मीटर असतो.

आणि आता ज्या गोष्टीत नवखे हमखास फसतात ती. गाडी हलवण्याआधी पेडल पंप करा. पिस्टन मागे ढकललेला आहे, पहिल्या तीन-चार दाबांत पेडल सरळ जमिनीला लागते. हे विसरून गाडी रिव्हर्स घेतली की पार्किंगमधली मागची गाडी ठोकली जाते. पेडल घट्ट झाल्यावर टाकीतली पातळी बघा, मग रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा. प्रत्येक वेळी मध्ये अर्धा मिनिट चालू द्या आणि पूर्ण थांबू नका. पॅडचा थर डिस्कवर सारखा बसायला हे लागते. पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये घाट टाळा.

मागचे ड्रम

बहुतेक छोट्या गाड्यांच्या मागे ड्रमच असतो. दोन शू आतून बाहेर फाकतात आणि फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच आणखी ओढून घेतो, त्यामुळे कमी दाबातही पकड मिळते. ड्रम गंजाने अडकला असेल तर हातोड्याने ठोकत बसू नका. बऱ्याच ड्रमना आटे असलेली दोन भोके असतात, त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळले की ड्रम सरळ बाहेर येतो. व्हील सिलिंडरची रबरी टोपी किंचित उचलून बघा. आत ओल असेल तर तो बदलायचा, आणि ऑइल लागलेले शूही. घासून साफ केलेला शू तापल्यावर परत ऑइल सोडतो. हॅन्डब्रेक साधारण पाच ते सात खटक्यांत घट्ट बसला पाहिजे. दहाच्या वर जात असेल तर केबल आवळण्याआधी शूचे अंतर नीट करा. केबल ताणून लपवलेले अंतर पायाच्या ब्रेकला खोल पेडलच्या रूपाने भोवते.

ऑइल बदलणे आणि हवा काढणे

ग्लायकॉल जातीचे द्रव हवेतला ओलावा ओढून घेते. रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या झाकणातून पाणी थोडे थोडे मुरत राहते. डॉट ३ दर्जाच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत चालतो असे मानकच सांगते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाटात तापलेला पॅड पिस्टनला आणि पिस्टन द्रवाला तापवतो. पाण्याची वाफ झाली की पेडल गालिच्याला टेकते. म्हणून गाडी चालो किंवा उभी राहो, मॅन्युअलमध्ये वेगळे दिले नसेल तर दोन वर्षांनी द्रव बदलायचे. रंगावर जाऊ नका, स्वच्छ दिसणाऱ्या द्रवातही पाणी असते. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालते. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते, ते यात मिसळत नाही. नाव जवळचे असले तरी डॉट ५.१ ग्लायकॉलचेच आहे. फोडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरू नका. चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे तेल टाकीत गेले, तर सगळी रबरे फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतचे प्रत्येक रबर बदलावे लागते.

दोन माणसे, एक लिटर नवे द्रव, निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी आणि एक रिकामी बाटली लागते. बाटलीत थोडे द्रव घालून नळीचे टोक त्यात बुडवा. टाकीतले काळपट द्रव सिरिंजने ओढून नवे भरा. सर्वसाधारण क्रम मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने सुरू होतो. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. तिरक्या मार्गांच्या काही गाड्यांना कंपनी वेगळा क्रम देते, तो पाळा. निपल उघडताना रिंग पाना वापरा. फाट्याच्या पान्याने कडा गोल होतात आणि गंजलेले निपल तुटले तर कॅलिपरच बदलण्याची पाळी येते.

आतला माणूस पेडल दाबतो आणि ‘धरलंय’ म्हणतो. बाहेरचा निपल पाव फेरा उघडतो. पेडल खाली जाते, नळीतून द्रव आणि बुडबुडे येतात. बाहेरचा निपल बंद करून ‘सोड’ म्हणतो आणि त्यानंतरच पाय वर येतो. हा क्रम उलटला की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळे पहिल्यापासून. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते पूर्ण जमिनीपर्यंत जाणार नाही. मास्टर सिलिंडरचा एरवी कधीच न वापरलेला शेवटचा भाग आतून गंजलेला असतो आणि त्यावरून फिरलेले रबर त्याच दिवशी कापले जाते. दर आठ-दहा दाबांनी टाकी बघा, ती रिकामी झाली तर हवा वरूनच शिरते. नळीतून स्वच्छ, बिनबुडबुड्यांचे द्रव आले की पुढचे चाक. रंगावर सांडलेले द्रव ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा. एबीएसच्या युनिटमध्येच हवा गेली असेल तर घरच्या पद्धतीने ती निघत नाही, तिथे स्कॅनर लागतो.

पावसाळ्यात

रात्रभर पाऊस झाला की सकाळी डिस्कवर केशरी गंज दिसतो. दोन-चार ब्रेकांत तो जातो, घाबरायचे काही नाही. साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर मात्र थोडे अंतर पाय हलका ठेवून ब्रेक वाळवा, कारण ड्रममधले पाणी लवकर निघत नाही. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हॅन्डब्रेक ओढून ठेवू नका, ओले शू ड्रमला धरतात. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये, चाकांना दगड लावून ठेवा. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर नदीकाठच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ज्या गाड्यांची चाके बुडतात, त्यांचे ड्रम उघडून गाळ धुणे, स्लाइड पिना साफ करणे आणि द्रव बदलणे ही तिन्ही कामे गाडी परत चालवण्याआधी करावीत. इलेक्ट्रिक गाडीत मोटरच बराच वेग जिरवते, त्यामुळे डिस्क कमी वापरल्या जातात आणि अधिक गंजतात. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर काही ब्रेक जोराने मारून त्या साफ ठेवा.

घाटात

ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. तिसऱ्यात वेग वाढत असेल तर दुसरा, आणि तोही उतार सुरू होण्याआधी टाकायचा. पेट्रोल वाचते म्हणून न्यूट्रल टाकणाऱ्यांसाठी एक माहिती. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर इंधन बंद करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतेच. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोलही जाते आणि ब्रेकही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार डोळ्यांना सपाट वाटतो, म्हणूनच तिथे मोहात पडायला होते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली होती. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो, त्याची रचना वेगळी आहे, पण ड्रम तापल्यावर पकड जाण्याचे कारण एकच.

पाय सतत अर्धवट टेकवून उतरू नका. वेग वाढू द्या, मग ठामपणे दाबून कमी करा आणि पाय पूर्ण उचला. मधल्या वेळात हवा डिस्कच्या पोकळीतून फिरते. वास आला किंवा पेडल लांब जाऊ लागले तर पुढच्या मोकळ्या जागी थांबा. पाणी नको, हॅन्डब्रेक नको. रिव्हर्स गिअर, चाकाखाली दगड आणि निदान अर्धा तास.

पेडल जमिनीला गेलेच तर भरभर पंप मारा, वाफ असेल तर थोडा ब्रेक परत येतो. एकेक गिअर खाली टाका. हॅन्डब्रेकचे बटण दाबून ठेवून तो थोडा थोडा ओढा, एकदम ओढला तर मागची चाके जाम होऊन गाडी फिरते. किल्ली बंद करू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकते. तरीही थांबत नसेल तर दरीच्या नाही, डोंगराच्या बाजूला घ्या आणि गटार किंवा कातळाला गाडीची कूस तिरकी घासत न्या. थांबल्यावर पेडल परत घट्ट लागले तरी तशीच पुढे निघू नका. आधी चारही चाकांच्या आत वाकून ओल दिसते का बघा. ओल दिसली तर गाडी टो करून न्या. नसली तर पूर्ण गार झाल्यावर हळू खाली उतरा आणि त्याच आठवड्यात द्रव बदलून घ्या.